बंध मजबूत, मग वितळतं कसं लवकर?

प्रश्न : सहसंयुज बंध मजबूत असतो म्हणतात, मग सहसंयुज संयुगांचे द्रवणांक-उत्कलनांक एवढे कमी का? आणि ती वीज वाहून नेत नाहीत असं पाठ केलंय, पण हायड्रोक्लोरिक ॲसिडमधून तर वीज जाते. नक्की काय धरायचं?

उत्तर : दोन्ही प्रश्न अगदी मुद्द्याचे आहेत. सहसंयुज बंध म्हणजे अणूंनी आपापसात इलेक्ट्रॉन वाटून घेऊन जोडलेला बंध. गडबड होते ती अशी, की पदार्थ वितळला किंवा उकळला म्हणजे त्यातले बंध तुटले असं आपण धरून चालतो, आणि बहुतेक सहसंयुज संयुगांत तसं होतच नाही. डांबरगोळी घ्या, म्हणजे नॅप्थलीन. ८० अंशांना वितळते, आणि न वितळताही हळूहळू हवेत उडून जाते. तो जो वास येतो ना, ते नॅप्थलीनचे अख्खे रेणूच नाकापर्यंत आलेले असतात, त्यांच्यातला एकही बंध तुटलेला नसतो, फक्त एक रेणू दुसऱ्यापासून सुटलेला असतो. रेणूच्या आतली पकड घट्ट, पण रेणू-रेणूंमधली ओढ अगदीच कमी, सगळी गंमत इथेच आहे. आकड्यात बघायचं तर एक मोल (म्हणजे रेणूंची एक ठरावीक मोठी संख्या) द्रव मिथेनची वाफ करायला साधारण ८ किलोज्यूल पुरतात, पण त्याच मिथेनमधले चारही कार्बन-हायड्रोजन बंध तोडायचे तर १६५० किलोज्यूलच्या आसपास लागतात! म्हणून तर तो उणे १६१ अंशांनाच उकळतो.

मिठात असे सुटे रेणू नसतातच, प्रत्येक आयनला (म्हणजे प्रभार असलेल्या अणूला) चहूबाजूंनी विरुद्ध प्रभाराचे आयन ओढून धरतात, त्यामुळे ते वितळायला ८०१ अंश लागतात. पण म्हणून 'सहसंयुज म्हणजे द्रवणांक कमी' हे डोळे झाकून लिहू नका, कारण हिरा आणि क्वार्ट्झ (म्हणजे गारगोटी) पण सहसंयुजच आहेत, फक्त त्यांच्यात सुटे रेणू नाहीत, सलग जाळं आहे, आणि तिथे वितळायचं म्हणजे खरोखरच बंध तोडावे लागतात. क्वार्ट्झला म्हणूनच १७०० अंशांच्या आसपास न्यावं लागतं.

आता विजेचं. साखर पाण्यात विरघळली तरी तिचे रेणू अख्खेच राहतात, प्रभार वाहून न्यायला कोणी नसतं, त्यामुळे वीज जात नाही. हायड्रोजन क्लोराइडचं वेगळं आहे, तो वायू सहसंयुजच, पण पाण्याशी त्याची अभिक्रिया होऊन आयन तयार होतात आणि ते वीज नेतात. तोच कोरडा वायू टोल्युइनमध्ये विरघळवला तर आयन बनत नाहीत आणि सर्किटमधला बल्ब लागत नाही.