कोटेशन दिल्यावर गिऱ्हाईक गप्प बसलं तर पाठपुरावा कसा करावा?

वॉटरप्रूफिंगचं कोटेशन देऊन आठवडा झाला, उत्तर नाही, परत फोन केला तर लाचारी वाटेल का, असं तुम्ही विचारलंय. अजिबात नाही. फोन कराच.

गप्प बसणं म्हणजे नकार असं धरू नका. सोसायटीचं काम असेल तर कमिटीची मीटिंग होईपर्यंत सेक्रेटरी तरी काय सांगणार? म्हणून कोटेशन देतानाच मीटिंगची तारीख विचारून ठेवा आणि मीटिंगच्या दुसऱ्या दिवशी फोन लावा.

घरगुती काम असेल तर तीन-चार दिवसांनी व्हॉट्सअ‍ॅप करा, पण नुसतं "काय ठरलं?" नको. "काकू, गच्चीच्या कठड्याजवळची चीर पावसाआधी भरायला हवी. मे महिन्यातल्या तारखा भरत आल्यात, तुमच्यासाठी एक ठेवू का?" असं कामाचं बोला (तारखा खरंच भरत आल्या असतील तरच). रेट जास्त वाटतोय का, हेही सरळ विचारा. बऱ्याचदा गाडी तिथेच अडते. मग रेट पाडण्यापेक्षा काम टप्प्यांत करा: आधी गच्ची, बाहेरच्या भिंती दिवाळीनंतर.

कोटेशनवर "हा रेट 15 दिवसांसाठी लागू" असं लिहिलंत तर मुदत संपायच्या आदल्या दिवशी शेवटचा फोन करायला रास्त कारण मिळतं. त्यानंतर मागे लागू नका, नंबर मात्र जपून ठेवा.