शब्द वाक्यात राहतो

प्रिय पोरी,

तुझी शब्दांची वही सावकाश चाळली. अक्षर सुरेख आहे, शिस्त त्याहून चांगली. पण डावीकडे इंग्रजी शब्द आणि उजवीकडे मराठीतला एकच प्रतिशब्द, अशीच पानंच्या पानं भरली आहेत आणि मला काळजी वाटते ती याचीच. या पद्धतीनं शब्दाची तोंडओळख होते, पण तो लिहिताना हाताशी येत नाही. तुला परदेशी विद्यापीठातल्या प्रवेशासाठी जीआरई ही परीक्षा द्यायची आहे, पुढे एमएसला जाऊन प्रबंध लिहायचा आहे. तिथे तोंडओळखीवर भागणार नाही.

'मिटिगेट' हाच शब्द घे. तू त्याच्यासमोर लिहिलंयस 'कमी करणे'. ते चूक नाही. पण एवढ्यावर विसंबून कुणीही 'आय मिटिगेटेड माय वेट' असं लिहील, कारण मराठीत आपण वजनही कमी करतो, भावही कमी करतो आणि भाजीतलं मीठही. आता इंग्रजी कोशातली व्याख्या बघ. तिचा आशय असा, की एखाद्या वाईट गोष्टीची तीव्रता किंवा तिच्यामुळे होणारी हानी कमी करणे. ती 'वाईट गोष्ट' तुझ्या वहीत आलीच नाही आणि सगळी मेख तिथेच आहे. मग उदाहरणं वाच. रिस्क, इफेक्ट, डॅमेज, इम्पॅक्ट हीच मंडळी या शब्दापुढे पुन्हा पुन्हा दिसतील.

त्यानंतर स्वतःचं वाक्य लिही. तुमच्या दिंडोरीकडे द्राक्षबागांवर प्लास्टिकचं आच्छादन टाकतात. 'प्लास्टिक कव्हर्स मिटिगेट द डॅमेज दॅट अनसीझनल रेन डज टु द ग्रेप्स.' बघ, पाऊस थांबलेला नाही, नुकसानही पुरतं टळलेलं नाही, त्याची धार तेवढी कमी झाली. 'प्रिव्हेंट' आणि 'मिटिगेट' यांतला फरक तुला आता कुणी समजावून सांगायला नको. अवकाळीत घरच्यांची उडालेली तारांबळ तू पाहिलेली आहेस, त्यामुळे हा शब्द डोक्यातून जायचा नाही.

'कंड्युसिव्ह'चंही तसंच. 'अनुकूल' हा अर्थ बरोबर, पण त्याच्यानंतर 'टु' येतो आणि त्या 'टु'पुढे क्रियापद आलं तर 'ग्रो' नाही, 'ग्रोइंग' लागतं. कंड्युसिव्ह टु ग्रोइंग ग्रेप्स. नुसत्या व्याख्येतून हे कळणं कठीण, दोन उदाहरणं वाचलीस की आपोआप जिभेवर बसतं.

यासाठी कोश मात्र शिकणाऱ्यांसाठी तयार केलेला हवा, नाहीतर एका अवघड शब्दाचा अर्थ दुसऱ्या अवघड शब्दात सापडतो. १९७८ साली निघालेल्या लाँगमनच्या कोशात व्याख्या सुमारे २००० सोप्या शब्दांत बसवल्या होत्या. १९८७चा कॉलिन्सचा कोबिल्ड कोश त्याही पुढे गेला. बर्मिंगहॅम विद्यापीठात प्रत्यक्ष वापरातल्या इंग्रजीचा मोठा संग्रह संगणकावर जमवून त्यातून उदाहरणं घेतली आणि व्याख्याही पूर्ण वाक्यांत दिल्या. माझा कल याच कोशाकडे आहे. लाँगमन, ऑक्सफर्ड, कॉलिन्स हे सगळे इंटरनेटवर फुकट बघता येतात. तरी कधीतरी सावानात, म्हणजे नाशिकच्या सार्वजनिक वाचनालयात जाऊन छापील कोश घेऊन बस. १८४० पासून चालत आलेलं वाचनालय जवळ आहे, त्याचा फायदा घे.

'महिन्यात हजार शब्द' असली पुस्तिका कुणी दिली तर ठेवून दे. जीआरईनंसुद्धा २०११मध्ये विरुद्धार्थी शब्द आणि अ‍ॅनालॉजीचे, म्हणजे शब्दजोड्यांतला सारखा संबंध ओळखायचे, सुटे प्रश्न काढून टाकले. आता उतारे असतात, नाहीतर वाक्यातली रिकामी जागा असते, म्हणजे वाक्य वाचता आल्याशिवाय गत्यंतर नाही. रोज पाच शब्द पुरे. सुरुवात कुठून करायची, तर अ‍ॅव्हरिल कॉक्सहेड या भाषातज्ज्ञ बाईंनी २००० साली प्रसिद्ध केलेली शैक्षणिक शब्दांची यादी आहे, ५७० शब्दकुलांची (एक मूळ शब्द आणि त्याची रूपं मिळून एक कुल). विद्यापीठातल्या लिखाणात, मग विषय कुठलाही असो, वारंवार येणारे हे शब्द आहेत. जीआरईचे दुर्मीळ शब्द त्यानंतर.

उजळणी कधी करायची हेही ठरवून टाक. हर्मान एबिंगहाउस या जर्मन मानसशास्त्रज्ञांनी निरर्थक अक्षरसमूह स्वतःच पाठ करून विसरण्याचा वेग मोजला आणि १८८५मध्ये मांडला. सगळ्यात जास्त विसर पहिल्या काही तासांतच पडतो. म्हणून दुसऱ्या दिवशी, मग तीन-चार दिवसांनी, मग आठवड्यानं, मग महिन्यानं त्या शब्दाकडे परत ये. पण नुसतं वाचू नकोस. तुझ्याच वाक्यातला तो शब्द बोटानं झाक आणि आठवून बघ. आठवायला जरा ताण पडला पाहिजे, वाचताना 'हो, येतंय की' असं वाटणं फसवं असतं.

मोबाइलवरच्या अ‍ॅपबद्दल विचारलं होतंस. उजळणीची वेळ सांभाळायला खुशाल वापर, ते काम ती चोख करतात. मात्र त्यातली तयार कार्डं उतरवून घेऊ नकोस, कार्डावर वाक्य तुझंच असू दे. आणि ते कोशातल्या उदाहरणांशी ताडून पाहिल्याशिवाय त्यात भरू नकोस. चुकीचं वाक्य घोटलं गेलं तर ते पुसायला दुप्पट मेहनत पडते. पहिली वीस-पंचवीस वाक्यं मला पाठव, मी तपासून देतो.

घरी सगळ्यांना नमस्कार सांग.

तुझे सर