वाचकांचे प्रश्न : वन, पाणी आणि पदवीची निवड

प्रश्न : माझी मुलगी यंदा बारावी विज्ञान शाखेत आहे. आमचे गाव पाटण तालुक्यात, कोयना अभयारण्यालगत असल्यामुळे तिला जंगलाची ओढ लहानपणापासूनच आहे. पुण्यात पर्यावरणशास्त्रात बी.एस्सी. करावे की दापोलीला वनशास्त्राला जावे, याचा निर्णय होत नाही. पुढे वनसेवेत जाण्याचा तिचा मानस आहे. आपण काय सुचवाल?
– एक पालक, जि. सातारा

उत्तर : वनसेवेचा विचार पक्का असेल, तर अभ्यासक्रमाच्या नावाआधी भरतीची पात्रता वाचावी. भारतीय वनसेवेच्या परीक्षेसाठी पदवीला पशुसंवर्धन व पशुवैद्यक, वनस्पतिशास्त्र, रसायनशास्त्र, भूशास्त्र, गणित, भौतिकशास्त्र, संख्याशास्त्र किंवा प्राणिशास्त्र यांपैकी किमान एक विषय असावा लागतो, नाहीतर पदवी कृषी, वनशास्त्र किंवा अभियांत्रिकीची असावी लागते. पर्यावरणशास्त्र या यादीत नाही. हे विचित्र वाटेल, पण नियम तसा आहे. त्यामुळे पुण्याला जायचेच झाले, तर वरीलपैकी एखादा विषय त्या पदवीत स्वतंत्रपणे घेता येतो का, आणि गुणपत्रिकेवर तो त्याच नावाने येतो का, हे प्रवेशाआधी महाविद्यालयाकडून समजून घ्यावे. माहितीपुस्तिकेच्या मुखपृष्ठावरचा वाघ पाहून हा प्रश्न विचारायचा राहून जातो.

माझा कल दापोलीकडे आहे. डॉ. बाळासाहेब सावंत कोकण कृषी विद्यापीठातील वनशास्त्राची पदवी चार वर्षांची असून प्रवेश राज्याच्या सीईटीनंतर केंद्रीय प्रवेश प्रक्रियेतून होतो. अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठातही ही पदवी घेता येते. मात्र तेथे चार वर्षे प्राण्यांमागे हिंडायला मिळेल, अशी मुलीची कल्पना असल्यास ती आताच दूर करावी. वन्यजीव हा अनेक विषयांपैकी एक असतो. बाकीचा वेळ रोपवाटिका, वनसंवर्धन, झाडाचा घेर आणि उंची मोजून लाकडाचे घनमान काढणे, कृषिवनीकरण, बांबू-हिरड्यासारखी गौण वनोपज, मृदसंधारण आणि वनकायदे यांत जातो. केवळ प्राण्यांचीच आवड असेल, तर प्राणिशास्त्राची पदवी घेऊन पुढे डेहराडूनच्या भारतीय वन्यजीव संस्थेत एम.एस्सी.साठी प्रयत्न करणे अधिक सरळ ठरेल.

दापोलीची बाजू घेण्याचे आणखी एक कारण आहे. आपल्याकडचे कोयना अभयारण्य आणि चांदोली राष्ट्रीय उद्यान मिळून २०१० मध्ये सह्याद्री व्याघ्र प्रकल्प झाला. तेथे जंगल सरकारचे आणि त्यावरचा अधिकार वनखात्याचा, हे चित्र मुलीच्या परिचयाचे असणार. रत्नागिरी जिल्ह्यात मात्र सरकारी वन फार थोडे असून बहुतेक झाडोरा खासगी मालकीचा आहे. १९६४ च्या वृक्षतोड नियमन कायद्याने परवानगीची अट घालता येते. पण ऐन-किंजळ तोडून तेथे काजूची बाग लावावी असे ज्या मालकाला वाटते, त्याला झाडे राखणे परवडेल कसे, याचे उत्तर एकट्या कायद्यात सापडत नाही. त्यासाठी हिशेब मांडावा लागतो, गावकीशी बोलावे लागते आणि देवराई कशी टिकली, हेही पाहावे लागते. पुढे ती अधिकारी झाली, तर हे तिला पदोपदी उपयोगी पडेल.

राज्यातील सहायक वनसंरक्षक आणि वनक्षेत्रपाल ही पदे महाराष्ट्र लोकसेवा आयोगामार्फत भरली जातात. त्यांच्या जाहिरातीतील पात्रताही अशीच बारकाईने वाचावी. भारतीय वनसेवेत चालण्याची चाचणी असते. चार तासांत पुरुषांना २५ आणि स्त्रियांना १४ किलोमीटर अंतर कापावे लागते. पाटणच्या डोंगरात वाढलेल्या मुलीला त्याची धास्ती नसावी.

प्रश्न : मी भूशास्त्रात बी.एस्सी. केले आहे. आमच्या भागातील पाणीटंचाई पाहता जलसंधारणाचे शिक्षण घ्यावेसे वाटते. राहुरीला एम.टेक. करता येईल का?
– एक वाचक, जि. बीड

उत्तर : महात्मा फुले कृषी विद्यापीठातील मृद व जलसंधारण अभियांत्रिकीचे एम.टेक. कृषी अभियांत्रिकीच्या पदवीधरांसाठी असल्याने तो मार्ग आपल्याला सरळ खुला नाही. त्याची खंत करू नये, कारण आपले मूळ शिक्षणच येथे मोलाचे आहे. महाराष्ट्राचा ८० टक्क्यांहून अधिक भूभाग बेसॉल्टचा आहे, आणि त्यात पाणी सलग साठत नाही, तर झिजलेल्या थरांत व भेगांत सापडते. नाला किती रुंद केला यापेक्षा त्याखाली कोणता थर आहे, यावर पाणी मुरणे अवलंबून असते, आणि हे सांगायला भूशास्त्रज्ञच लागतो. भूशास्त्रात किंवा भूजलशास्त्रात एम.एस्सी. करावे. त्यानंतर केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या संयुक्त भूवैज्ञानिक परीक्षेतून केंद्रीय भूजल मंडळात जाता येते, आणि राज्याच्या भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेतही भूवैज्ञानिकांची पदे असतात. एम.एस्सी.चा प्रबंध शक्यतो आपल्याच तालुक्यातील एखाद्या पाणलोटावर करावा आणि तेथील विहिरींची पातळी पावसाळ्याच्या आधी व नंतर, अशी दोन्ही वेळा स्वतः मोजावी.