कवितेचं वृत्त कसं ओळखावं आणि त्यावरून भाव कसा सांगावा?

तुम्ही विचारलंय की रसग्रहणात आशय लिहिता येतो, पण वृत्त ओळखता येत नाही आणि भावाशी त्याचा संबंधही लागत नाही. मी दादरला अकरावी-बारावीच्या मुलांना मराठी शिकवते, त्यामुळे ही अडचण रोजची आहे.

आधी पेन खाली ठेवा आणि कविता मोठ्यानं म्हणा. मर्ढेकरांच्या या ओळी घ्या:

पिपांत मेले ओल्या उंदिर;
माना पडल्या, मुरगळल्याविण;
ओठांवरती ओठ मिळाले;
माना पडल्या, आसक्तीविण.

आता बोटांच्या पेरांवर मोजा. मात्रा म्हणजे उच्चाराला लागणाऱ्या वेळेचं माप. लघु म्हणजे ऱ्हस्व अक्षराची एक मात्रा, गुरू म्हणजे दीर्घ किंवा अनुस्वार असलेल्या अक्षराच्या दोन. 'पिपांत मेले' आठ, 'ओल्या उंदिर' आठ. ओळीला सोळा, म्हणजे पादाकुलक वृत्त. 'उंदीर' लिहिलं असतं तर एक मात्रा वाढली असती, म्हणून दि ऱ्हस्व.

मुलं अडखळतात ती जोडाक्षरापाशी. त्याच्या आधीचं ऱ्हस्व अक्षर म्हणताना आघात आला तरच गुरू होतं. 'पडल्या'मधला ड पुढे ल्या असूनही लघुच राहतो, कारण म्हणताना त्याच्यावर आघात येत नाही. 'आसक्ती'मधल्या स वर मात्र येतो, म्हणून तो गुरू. हे कानानंच कळतं, नुसत्या डोळ्यांनी मोजलंत तर हमखास चुकाल.

मात्रा जुळत नसतील तर अक्षरं मोजा: मोठ्या अभंगात चार चरणांना ६-६-६-४ अक्षरं येतील. लघुगुरूंचा क्रमच ठरलेला असेल तर ते अक्षरगणवृत्त. मनाच्या श्लोकांतलं भुजंगप्रयात हे तसंच वृत्त मोठ्यानं म्हणून पाहा, लगेच लक्षात येईल.

आता भाव. पादाकुलकाची चाल हलकी, डुलती. लहान मुलांच्या गाण्यांनाही ती शोभते. त्या चालीवर इथे मेलेले उंदीर येतात. चाल कुठेही अडत नाही, आवाज चढत नाही, 'माना पडल्या' दोनदा त्याच सुरात येतं. दोन ओळी 'विण'वर संपतात: मान कुणी मुरगळली नाही, ओठ मिळाले तेही आसक्तीनं नाही. मरणात आणि मिलनातही काहीतरी नाहीच.

मार्गदर्शकांत इथे 'बीभत्स रस' लिहून मोकळे होतात. मला ते अजिबात पटत नाही. किळस असती तर लय कुठेतरी बिचकली असती. मला इथे करुणा ऐकू येते, रडण्याच्या पलीकडे जाऊन बधिर झालेली. रसग्रहणात हे लिहाल तेव्हा सोळा मात्रांची न मोडणारी चाल आणि ते दोन 'विण' पुरावा म्हणून द्या.