चांगली पुस्तकं वाचली की मुलं ऐकायला लागतात का?

पालकांचा एक प्रश्न माझ्याकडे वरचेवर येतो. 'मुलगी दिवसभर मोबाइलवर असते, दर्जेदार असं काही वाचतच नाही. तिला मोठ्या ग्रंथांची गोडी कशी लावायची?' प्रश्न साधा आहे. पण त्याच्या पोटात आणखी एक अपेक्षा असते आणि ती दुसऱ्या-तिसऱ्या भेटीत बाहेर पडते. वाचन वाढलं की मुलगी समजूतदार होईल, वळण लागेल, उलट बोलणार नाही. या दुसऱ्या अपेक्षेबद्दलच आज लिहायचं आहे. विक्रोळीच्या एका कुटुंबाच्या संमतीने, ओळखीच्या खुणा बदलून लिहिते आहे. मुलीला सई म्हणू.

सई नववीत, इंग्रजी माध्यमात. बाबा एका निमसरकारी कचेरीत नोकरीला. त्यांच्या लहानपणी घरात छापील म्हणजे कालनिर्णय आणि शेजाऱ्यांकडून आलेला एखादा दिवाळी अंक. पदवी त्यांनी नोकरी सांभाळून घेतली, त्यामुळे अभ्यासक्रमाबाहेरचं वाचायचं राहूनच गेलं. मुलीचं तसं होऊ नये, ही तळमळ खरी होती. एकदा त्यांनी अमेरिकेतल्या काही कुटुंबांचा व्हिडिओ पाहिला. ही मंडळी मुलांना घरीच जुन्या पद्धतीने शिकवतात: आधी व्याकरण, मग तर्क, मग वक्तृत्व आणि जोडीला थोर ग्रंथांचं वाचन. बाबा भारावले. महाभारतापासून प्लेटोपर्यंत पन्नास पुस्तकांची यादी झाली, रोज तीस पानं, वहीत सारांश आणि खाली बाबांची लाल पेनने सही.

काही महिने सगळं सुरळीत चाललं होतं. मग एका रविवारी बाबांनी सहज वही चाळली, तर सारांशात असं एक प्रकरण होतं जे पुस्तकात नव्हतंच. त्यांनी तिला संक्षिप्त आवृत्ती आणून दिली होती आणि सारांश उतरला होता मूळ ग्रंथाचा. अक्षर सईचं, वाक्यं एआयची.

"पुस्तकाचं जाऊ दे मॅडम," बाबा मला म्हणाले, "ती तोंड वर करून खोटं बोलली. थोरामोठ्यांचे ग्रंथ वाचून हे शिकली का?"

वाचलेच नव्हते, हे उत्तर माझ्या जिभेवर आलं होतं. बोलले नाही.

सईशी एकटीशी बोलले तेव्हा ती आधी खांदे उडवत होती, मग एकदम म्हणाली, "यातलं एकही पुस्तक बाबांनी वाचलेलं नाहीये. त्यांना वाटतं हे टॉनिक आहे, मला पाजलं की झालं." आणि मग, जरा थांबून, "आणि मला काय वाटलं ते कुणी विचारतच नाही. समरी पाहिजे फक्त."

ती वही मी मागून घेतली. पानामागून पान तीच गुळगुळीत मराठी, कुठेही खाडाखोड नाही. चौदा वर्षांची मुलगी 'मानवी अस्तित्वाच्या गुंतागुंतीचे प्रभावी चित्रण' असं लिहीत नाही आणि लिहू लागली तर मला तिची काळजी वाटेल. फक्त एका पानाच्या समासात, महाभारतातल्या द्यूताच्या प्रसंगाशेजारी, पेन्सिलने लिहून खोडलेली एक ओळ दिसली. उजेडात धरली तेव्हा लागली: 'हे आजोबा इतका वेळ गप्प का?'

आजोबा म्हणजे भीष्म. अख्ख्या वहीत सईचं स्वतःचं असं हे एकच वाक्य होतं आणि तेच तिने खोडलं होतं, कारण सारांशात त्याला जागा नव्हती.

मुलं खोटं बोलतात तेव्हा पालक स्वभावाकडे बोट दाखवतात. मी आधी मागणीकडे बघते. सारांश ही अशी मागणी आहे की ती पुरी करायला वाचणाऱ्या माणसाची गरजच नसते. यंत्र ते काम नीटनेटकं करून देतं. 'तुला यात काय खटकलं?' असं विचारलं असतं तर सईला स्वतःच उत्तर शोधावं लागलं असतं. यंत्राकडून तेही लिहून घेता येतं, नाही असं नाही. पण समोर बसलेल्या बापाने 'का बरं?' विचारलं की पुढचं यंत्राला सांगता येत नाही.

बाबांना मी त्यांच्या यादीचं मूळ सांगितलं. असल्या याद्यांचा मोठा उगम अमेरिकेत आहे. शिकागो विद्यापीठाचे माजी प्रमुख रॉबर्ट हचिन्स आणि तत्त्वज्ञ मॉर्टिमर अॅडलर यांनी 1952 साली 54 खंडांचा 'थोर ग्रंथां'चा संच काढला, एन्सायक्लोपीडिया ब्रिटानिकाने तो छापला आणि पुढे दारोदारी विकला. पण कल्पना त्याच्या आधीची. कोलंबिया विद्यापीठात जॉन अर्स्किन या प्राध्यापकाने 1920 च्या सुमारास एक वर्ग सुरू केला होता: आठवड्याला एक ग्रंथ वाचून यायचं आणि एका संध्याकाळी टेबलाभोवती बसून त्यावर बोलायचं. व्याख्यान नाही, वाद. अॅडलर याच वर्गात शिकले. म्हणजे मुळात टेबल होतं आणि यादी त्या टेबलासाठी होती. बाबांनी यादी उचलली, टेबल तिकडेच राहिलं.

(त्या 54 खंडांच्या पहिल्या आवृत्तीत एकही लेखिका नव्हती. हे सईला सांगितल्यावर ती पहिल्यांदा खुर्चीत सरळ बसली.)

आणि त्यासाठी शिकागोपर्यंत जायला नकोच. समोरच्याचं म्हणणं आधी त्याच्यापेक्षा नीट मांडायचं आणि मगच खोडायचं, ही पूर्वपक्षाची शिस्त आपल्याकडच्या शास्त्रग्रंथांत पानोपानी आहे. ज्ञानेश्वरीची नऊ हजारांवर ओवी लोक शतकानुशतकं ऐकत आले, ते कुणी निरूपण करणारा आणि समोर माना डोलावणारे किंवा शंका काढणारे असतात म्हणून. मोठा ग्रंथ एकट्याने, मुकाट्याने, तीस पानांच्या हिशेबाने संपवायचा ही अलीकडची सवय आहे. मोठ्यांनाही ती झेपत नाही.

मग आम्ही ठरवलं ते असं. यादी कपाटात. वही बंद. फक्त सभापर्वातलं द्यूत, तेही संक्षिप्त नको, पूर्ण भाषांतर. शनिवारी रात्री जेवणं आटोपल्यावर बाबांनी मोठ्याने वाचायचं, कारण सईला मराठी छापील मजकूर वाचायला वेळ लागतो, ऐकून मात्र सगळं कळतं. कुणीही कुठेही थांबवू शकतं. विरोध करायचा तर आधी समोरच्याचं म्हणणं त्याला पटेल असं सांगून दाखवायचं. बाबा कुरकुरले, "मला कुठे त्यातलं काय कळतंय?" म्हटलं, म्हणूनच तुम्ही वाचायचं.

पहिल्याच शनिवारी गाडी द्रौपदीच्या प्रश्नावर अडली. दुर्योधनाचा निरोप्या प्रातिकामी तिला सभेत न्यायला येतो, तेव्हा ती रडत नाही. ती त्याला परत पाठवते: जा, त्या जुगाऱ्याला विचार, आधी स्वतःला हरलास की मला? कारण आधी स्वतःला हरला असेल तर तो दास झाला, मग त्याला मला पणाला लावायचा हक्क कुठला? बाबांना हा प्रसंग माहीत होता तो टीव्हीवरचा: वस्त्रहरण, धावा, श्रीकृष्ण. हा प्रश्न त्यांनी कधी ऐकला नव्हता. पुण्याच्या भांडारकर संस्थेने 1919 ते 1966 एवढा काळ शेकडो हस्तलिखितं ताडून महाभारताची चिकित्सक आवृत्ती सिद्ध केली. तिच्या मुख्य पाठात द्रौपदीने केलेला कृष्णाचा धावा नाही. वस्त्रं निघत राहतात, पण का, ते सांगितलेलं नाही. हे मी सांगितल्यावर बाबा थोडे दुखावले. सई म्हणाली, "म्हणजे तिने कुणाला बोलावलं नाही. ती फक्त विचारत होती."

आणि भीष्म काय म्हणतात? धर्माची गती सूक्ष्म आहे. ज्याची स्वतःवर मालकी नाही तो दुसऱ्याचं पणाला लावू शकत नाही, हे खरं. पण पत्नी पतीच्या अधीन, हेही आहे. म्हणून तुझ्या प्रश्नाचा उलगडा मला करता येत नाही. सभेत सरळ बोलतो तो कौरवांतलाच विकर्ण, आणि त्याला कर्ण गप्प करतो.

बाबा भीष्मांच्या बाजूने. खरंच अवघड प्रश्न होता, म्हाताऱ्याने काय करायचं? सई पेटली. पण नियम असा की आधी भीष्मांची बाजू मांडायची. ती तिने मांडली, बाबांपेक्षा चांगली मांडली आणि मग म्हणाली, "उत्तर येत नसेल तर निदान म्हणायचं ना की उत्तर मिळेपर्यंत तिला कुणी हात लावायचा नाही." आई तोवर ओट्यापाशी आवरत होती. तिथूनच तिने विचारलं, "आणि गांधारी कुठे होती त्या वेळी?" पुढच्या शनिवारपासून आईही बसू लागली.

दादरच्या मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालयातून (ही संस्था 1898 पासूनची) बाबांनी इरावती कर्व्यांचं महाभारतावरचं 'युगान्त' आणलं. इरावतीबाईंचं मत असं की द्रौपदीने सभेत कायद्याचा कीस काढला तिथेच चुकलं. त्या घटकेला तिने केवळ दयेची, माणुसकीची हाक घालायला हवी होती. सई दोन दिवस चिडलेली होती. शाळेतून आल्या आल्या दप्तरासकट उभी राहून आईशी वाद. "बाई असून असं कसं लिहिलं?" ज्या मुलीकडून तीस पानं होत नव्हती ती आता मराठीतलं ते प्रकरण बोट ठेवून स्वतः वाचत होती, कारण इरावतीबाईंना उत्तर द्यायचं होतं.

इथवर सगळं छान. मग बाबांचा मला फोन, आवाज चढलेला. "मॅडम, हे माझ्या अंगाशी आलंय."

झालं होतं ते असं. भीष्म पुढे एकदा खरं बोलतात, ते मी त्यांना मुद्दाम दाखवलं होतं. युद्ध सुरू होण्याआधी युधिष्ठिर आशीर्वाद घ्यायला येतो तेव्हा ते म्हणतात, माणूस अर्थाचा दास आहे, अर्थ कुणाचा दास नाही. कौरवांनी मला अर्थाने बांधून ठेवलंय. हे वाचून झाल्यावर सईने विचारलं, "बाबा, तुमच्या ऑफिसात त्या काकूंची बदली केली होती ना? तुम्ही म्हणाला होतात, सगळ्यांना माहीत होतं ते चुकीचं आहे म्हणून. तुम्ही बोललात?"

बाबांनी पुस्तक मिटलं आणि झोपायला गेले.

हे लिहिते आहे ते या जागेसाठी. मोठे ग्रंथ संस्कार करतात, असं आपण सहज म्हणून जातो. माझा अनुभव असा की ते आधी घरातल्या मोठ्या माणसाला प्रश्न विचारतात. मुलाला गप्प, आज्ञाधारक करायचं असेल तर अशा ग्रंथांइतकी चुकीची गोष्ट दुसरी नाही. सॉक्रेटिसला अथेन्सने ख्रिस्तपूर्व 399 मध्ये विष प्यायला लावलं तेव्हा त्याच्यावरचा एक आरोप होता तरुणांना बिघडवल्याचा. आईबापांची भीती तेव्हाही हीच असणार.

बाबांना मी दोन रस्ते सांगितले. 'मोठ्यांच्या गोष्टीत बोलायचं नाही' म्हणता येईल. तसं केलं तर पुढच्या शनिवारपासून सई पुन्हा सारांश देईल, आयुष्यभर देईल. किंवा खरं उत्तर देता येईल. त्यांनी आठवडा घेतला. मग तिला सांगितलं: नाही बोललो. घराचा हप्ता होता, तू दुसरीत होतीस, साहेबांशी वाकडं घ्यायची छाती झाली नाही. सईने ऐकून घेतलं. ती विरघळली वगैरे नाही. म्हणाली, "ठीक आहे. पण मग भीष्मांना एवढं मोठं नका म्हणू." त्यानंतर काही दिवसांनी, कुणी न विचारता, वहीतलं किती खोटं होतं ते तिने सांगितलं. जवळजवळ सगळंच.

पालक विचारतात, याने मार्क वाढतील का? सांगता येत नाही. करिअर? तेही नाही. सईचं गणित होतं तिथेच आहे, त्याला वेगळी शिकवणी आहे. एक मात्र आवर्जून सांगते: मूल वाचायलाच टाळत असेल, अक्षरं उलटसुलट होत असतील, ओळ सुटत असेल, तर ग्रंथ बाजूला ठेवा आणि आधी अध्ययन-अक्षमतेची तपासणी करून घ्या. मुंबईत सायनच्या लोकमान्य टिळक रुग्णालयासारख्या पालिकेच्या ठिकाणी ती होते. आळसाचं लेबल लावून वर्षं वाया गेलेली मुलं मी तिथे पाहिली आहेत.

आता दहावीचं वर्ष तोंडावर आहे, म्हणून शनिवार महिन्यातून दोनच. बाबांना पुढचं पुस्तक हवं होतं. मी सोफोक्लिस या ग्रीक नाटककाराची 'अँटिगनी' सुचवली: राजाने मनाई केलेली असताना भावाचा अंत्यविधी करणारी मुलगी आणि हुकूम मागे घेतला तर आपलं राजेपण जाईल असं वाटणारा तिचा मामा, तोच राजा क्रेऑन. ही इंग्रजीतून वाचायची. वाचणार सई, अडलं की अर्थ विचारणार बाबा. त्यांनी गोष्ट ऐकून घेतली, चष्मा पुसला आणि विचारलं, हिच्याऐवजी जरा शांत असं काही नाही का? म्हटलं, आहे, पण एकदा क्रेऑनची बाजू मांडून बघा. घरात ती तुमच्याइतकी चांगली कुणी मांडणार नाही.