वाचकांचे प्रश्न : घरचे मैदान नेमके कोणाचे?

मागील अंकात ऑस्ट्रेलियातील जिलाँग शहर आणि तेथील ऑस्ट्रेलियन फुटबॉलचा (आपल्या फुटबॉलहून वेगळा, हाताने आणि पायाने खेळायचा खेळ) व्यावसायिक संघ यांवर एक छोटे टिपण प्रसिद्ध झाले होते. त्यावर आलेल्या पत्रांतील चार प्रश्न या वेळी घेतले आहेत. पहिल्या दोन प्रश्नांना जागा अधिक दिली आहे, कारण विषयाचा गाभा त्यांतच आहे.

प्रश्न : माझी मुलगी जिलाँगमधील विद्यापीठात शिकते. ती सांगते की सामन्याच्या दिवशी दुकानात दूध घ्यायला आलेल्या आजीबाईंच्या गळ्यातही निळ्या-पांढऱ्या पट्ट्यांचा मफलर असतो. मेलबर्नसारखे महानगर रेल्वेने तासाभरावर असताना एवढा मोठा संघ जिलाँगमध्येच घरचे सामने का खेळतो, आणि ते त्याला परवडते कसे?
— एक आई, कोथरूड

उत्तर : आपल्या प्रश्नात संघाने लहान शहर निवडले असे गृहीत धरलेले दिसते. प्रत्यक्षात संघ आणि शहर एकत्रच वाढले आहेत. जिलाँगचा क्लब १८५९ साली स्थापन झाला. त्याच वर्षी मेलबर्नच्या क्लबाने या खेळाचे नियम प्रथम कागदावर उतरवले होते. आपल्याकडे तेव्हा बोरघाटातून रेल्वे धावायला अजून चार वर्षे होती, एवढे सांगितले म्हणजे तो काळ डोळ्यांसमोर येईल. पुढे १८९७ साली आठ क्लबांनी मिळून जी व्हिक्टोरियन फुटबॉल लीग सुरू केली, तिच्यात मेलबर्नबाहेरचा एकच क्लब होता आणि तो म्हणजे जिलाँग. याच लीगला १९९० पासून ऑस्ट्रेलियन फुटबॉल लीग, म्हणजे एएफएल, हे नाव मिळाले आणि आज तिच्यात अठरा संघ आहेत.

कार्डिनिया पार्क हे मैदान संघाकडे आले ते १९४१ साली. त्याआधी कोरियो ओव्हल हे त्यांचे मैदान होते. युद्धकाळात ते लष्कराच्या कामी गेले आणि संघाला हलावे लागले. त्यानंतरचे दोन हंगाम, १९४२ आणि १९४३, जिलाँगचा संघ स्पर्धेत उतरलाच नाही, कारण प्रवासावर निर्बंध होते आणि दर पंधरवड्याला मेलबर्नला जाणे शक्य नव्हते. मेलबर्नच्या संघांना उपनगरांतल्या उपनगरांत फिरायचे होते. पंचाहत्तर किलोमीटरचे अंतर आड आले ते केवळ या एकाच संघाच्या. तरीही १९४४ साली संघ परतला, आणि त्यानंतर आजवर त्याचे घर बदललेले नाही.

आता परवडण्याचा मुद्दा. लीगला दूरचित्रवाणीच्या हक्कांतून मिळणाऱ्या पैशातून प्रत्येक क्लबाला वाटा मिळतो. खेळाडूंच्या एकूण मानधनावर कमाल मर्यादा असते, त्यामुळे श्रीमंत क्लबाला वाटेल तेवढे खेळाडू विकत घेता येत नाहीत. नवे खेळाडू १९८६ पासून ड्राफ्टमधून, म्हणजे संघांनी पाळीपाळीने खेळाडू निवडण्याच्या पद्धतीतून, येतात आणि त्यात शेवटच्या क्रमांकावर राहिलेल्या संघाला पहिली निवड मिळते. या तीन गोष्टी नसत्या, तर सुमारे पावणेतीन लाख वस्तीच्या शहरातील संघ मेलबर्नच्या संघांसमोर टिकला असता असे मला वाटत नाही. चौथी गोष्ट मात्र शहराची स्वतःची आहे. क्लबाचे वर्गणीदार सभासद अलीकडच्या काळात ८० हजारांच्या पुढे गेले आहेत. त्यांतील अनेकजण बाहेरगावी राहतात हे मान्य केले, तरी शहराच्या मानाने ही संख्या थक्क करणारी आहे. शिवाय सभासद म्हणजे निव्वळ तिकीटधारक नव्हे, कारण क्लबाच्या संचालक मंडळाच्या निवडणुकीत त्यांना मत असते.

शहराच्या पोटापाण्याचाही या संघाशी संबंध आहे. फोर्ड कंपनीने १९२५ साली जिलाँगमध्ये मोटारी तयार करायला सुरुवात केली, त्याच वर्षी संघाने लीगचे पहिले विजेतेपद मिळवले आणि तेव्हापासून फोर्ड संघाची प्रायोजक आहे. ऑक्टोबर २०१६ मध्ये फोर्डने ऑस्ट्रेलियातील मोटार उत्पादन थांबवले. त्याआधी, २०१४ साली, तेथील अ‍ॅल्युमिनियमचा मोठा कारखानाही बंद झाला होता. प्रायोजकत्व मात्र चालूच राहिले. कारखान्याचा भोंगा बंद झाल्यावर वस्तीचे काय होते, हे पिंपरी-चिंचवडच्या वाचकांना सांगण्याची गरज नाही. अशा वेळी शनिवारच्या सामन्याला निघालेली गर्दी हा शहराला धरून ठेवणारा एक धागा असतो, आणि तो मला क्षुल्लक वाटत नाही.

मैदानाविषयी एक तपशील द्यायलाच हवा. या खेळात सर्व मैदाने एका मापाची नसतात. लांबी १३५ ते १८५ मीटर आणि रुंदी ११० ते १५५ मीटर यांमध्ये काहीही चालते. कार्डिनिया पार्क लांबीला १७० मीटर आहे, पण रुंदीला ११५ मीटरांच्या आसपासच, म्हणजे बरेच अरुंद. पाहुण्या संघाला कडेने चेंडू नेण्यासाठी जागाच कमी मिळते, तर घरच्या खेळाडूंच्या पायांना ते माप सरावाने ठाऊक झालेले असते. हा फायदा शहराचा, मातीचा आहे, आणि म्हणूनच बाद फेरीत तो काढून घेतला जातो याचे मला वाईट वाटते. वरच्या क्रमांकावर राहूनही जिलाँगला बाद फेरीचे घरचे सामने बहुधा मेलबर्न क्रिकेट ग्राउंडवर खेळावे लागतात, कारण तेथे एक लाख प्रेक्षक मावतात. २०१३ साली एक सामना जिलाँगमध्ये झाला आणि तो पाहुण्या फ्रीमँटल संघाने जिंकला, ही गोष्ट वेगळी. २०२४ पर्यंत टप्प्याटप्प्याने झालेल्या बांधकामानंतर मैदानाची क्षमता ४० हजारांवर गेली आहे. आता तरी हा नियम बदलावा असे माझे मत आहे.

हे मैदान आपणही कदाचित पाहिलेले असेल. ऑक्टोबर २०२२ मध्ये टी-ट्वेंटी विश्वचषकाच्या पहिल्याच सामन्यात नामिबियाने श्रीलंकेला हरवले, ते येथेच.

प्रश्न : हॉथॉर्न हा मेलबर्नचा संघ असूनही टास्मानियातील लॉन्सेस्टन येथे ‘घरचे’ सामने खेळतो, असे आपल्या टिपणात होते. समुद्रापलीकडच्या गावाला घर कसे म्हणायचे? यात लाभ कोणाचा?
— निवृत्त बँक अधिकारी, सदाशिव पेठ

उत्तर : आपल्या शहराने हा प्रकार एकदा जवळून पाहिला आहे. २०१८ साली कावेरीच्या पाण्यावरून तमिळनाडूत आंदोलन पेटले आणि चेन्नई सुपर किंग्जचे उरलेले घरचे सामने गहुंजेच्या मैदानावर हलवण्यात आले. तेव्हा चेन्नईहून खास रेल्वेगाडीने पिवळ्या शर्टातले प्रेक्षक पुणे स्टेशनवर उतरले होते. त्यांच्या दृष्टीने घर रेल्वेतून आले होते. मैदान फक्त भाड्याचे होते. लॉन्सेस्टनमधील व्यवस्था याहून पुष्कळ जुनी आणि ठरवून केलेली आहे.

मेलबर्न महानगरात एएफएलचे नऊ संघ आहेत आणि त्यांच्या बहुतेक सामन्यांसाठी मोठी मैदाने दोनच. कॉलिंगवूड किंवा रिचमंड यांसारखा शहरातलाच लोकप्रिय संघ समोर असेल तर एक लाखाचे मैदानही भरते. पण दूरच्या राज्यातला, शहरात पाठीराखे नसलेला संघ आला की वीस-पंचवीस हजार प्रेक्षक येतात आणि मैदानाचा खर्च वजा जाता हाती फारसे उरत नाही. नेमके असेच सामने बाहेर नेले, तर लहान मैदान भरते आणि यजमान सरकार ठरलेली रक्कमही देते. हॉथॉर्नने २००१ पासून लॉन्सेस्टनमध्ये सामने खेळवले, आणि २००७ पासून टास्मानिया सरकार संघाचे प्रायोजक झाले, तेव्हा राज्याचे नाव थेट संघाच्या जर्सीवर आले. हॉथॉर्नला हमखास उत्पन्न मिळाले. राज्याला हिवाळ्याच्या मंद दिवसांत पाहुणे आणि दूरचित्रवाणीवर नाव मिळाले. वेस्टर्न बुलडॉग्ज या संघानेही २०१७ पासून बॅलरॅट या जुन्या सोन्याच्या खाणींच्या शहरात मोजके सामने सुरू केले. तेथील मैदान दहा-अकरा हजारांचे आहे, आणि तेथील थंडी व वारा यांचा धसका पाहुणे संघ घेतात.

मैदान लहान असले की काय घडू शकते, याचे एक उदाहरण लॉन्सेस्टनच्याच इतिहासात आहे. एप्रिल २००६ मध्ये तेथे मेलबर्नच्याच सेंट किल्डा संघाचा घरचा सामना फ्रीमँटलविरुद्ध होता. शेवटच्या क्षणी फ्रीमँटल एका गुणाने पुढे असताना वेळ संपल्याचा भोंगा वाजला. पण त्याचा आवाज गर्दीत इतका क्षीण होता की पंचांना तो ऐकूच गेला नाही. खेळ चालू राहिला, सेंट किल्डाने एक गुण मिळवला आणि सामना बरोबरीत सुटल्याचे जाहीर झाले. काही दिवसांनी लीगने निकाल फिरवून विजय फ्रीमँटलला दिला.

आपण लाभ कोणाचा असे विचारले आहे, म्हणून स्पष्ट लिहितो. क्लबाचा लाभ निश्चित आहे, सरकारचाही बराच. टास्मानियाच्या फुटबॉलचा मात्र अर्धामुर्धाच. एकोणिसाव्या शतकापासून हा खेळ तेथे रुजलेला आहे. हॉथॉर्नकडून १९७१ च्या हंगामात १५० गोल करणारा पीटर हडसन टास्मानियाचाच. एवढे देणाऱ्या राज्याला स्वतःचा संघ नसावा आणि त्याच्या करदात्यांनी दुसऱ्या शहराच्या संघाला पैसे द्यावेत, ही गोष्ट मला कधीच पटली नाही. अखेर मे २०२३ मध्ये टास्मानियाला एएफएलचा परवाना मिळाला आणि राज्याचा संघ २०२८ च्या हंगामात उतरेल असे ठरले. त्यासाठी होबार्टमध्ये छप्पर असलेले २३ हजार क्षमतेचे मैदान बांधण्याची अट घातली गेली आणि त्या खर्चावरून राज्यात मोठा वाद झाला. तो वाद खराच होता, पण २०२४ साली दहा डॉलरची संस्थापक-सभासद वर्गणी जाहीर होताच लाखाहून अधिक लोकांनी नावे नोंदवली, हेही तितकेच खरे आहे. त्या राज्याची वस्ती सुमारे पावणेसहा लाख आहे. एकही सामना न खेळलेल्या संघासाठी ही नोंदणी झाली.

प्रश्न : हा खेळ आपल्या फुटबॉलपेक्षा वेगळा कसा? शाळेतील मुलांना थोडक्यात सांगायचे आहे.
— शिक्षिका, येरवडा

उत्तर : मैदान क्रिकेटचेच, लंबगोल. टॉम विल्स या क्रिकेटपटूने १८५८ साली, क्रिकेटपटूंना हिवाळ्यात तंदुरुस्त राहण्यासाठी एखादा खेळ असावा असे सुचवले, तेथून हा खेळ क्रिकेटच्या मैदानावर आला. प्रत्येक बाजूला अठरा खेळाडू, चेंडूही लंबगोल. चेंडू हातात घेऊन पळता येते, पण तो अधूनमधून जमिनीवर टप्पा घेऊन परत घ्यावा लागतो, आणि हाताने द्यायचा असल्यास फेकता येत नाही, एका तळहातावर ठेवून दुसऱ्या हाताच्या मुठीने मारावा लागतो. लाथेने आलेला चेंडू पंधरा मीटरांहून अधिक अंतरावरून हवेतच झेलला तर झेलणाऱ्याला मोकळी लाथ मिळते. ऑफसाइड नाही. प्रत्येक टोकाला चार खांब असतात. मधल्या दोन खांबांमधून लाथेने चेंडू गेला तर सहा गुण, बाजूच्या खांबांमधून गेला तर एक. मुलांना सर्वात जास्त आवडेल ते गोल पंचाचे काम : सहा गुणांसाठी तो आधी दोन बोटे पुढे करतो आणि मग दोन झेंडे एकाच वेळी फडकावतो, एका गुणासाठी एकच झेंडा.

प्रश्न : आमच्या घराजवळ बालेवाडीला व्यावसायिक फुटबॉल संघ होता. पाच वर्षांत तो गेला. जिलाँगला जे जमले ते पुण्याला का जमले नाही?
— महाविद्यालयीन विद्यार्थी, बाणेर

उत्तर : आपला प्रश्न वाचून मी कपाटातील नारिंगी टी-शर्ट बाहेर काढला. एफसी पुणे सिटी २०१४ साली इंडियन सुपर लीगमध्ये आला, बालेवाडीच्या श्री शिवछत्रपती क्रीडासंकुलात खेळला आणि २०१९ साली बंद झाला. लीगमधील त्याची जागा हैदराबादच्या संघाने घेतली. मी त्याचे कितीतरी सामने पूर्वेच्या बाजूला बसून पाहिले. प्रेक्षक कमी पडले असे मला वाटत नाही. संघ मालकाचा होता. मालकाला पुढे चालवणे शक्य झाले नाही आणि आपल्यापैकी कोणाजवळही त्या निर्णयात मत देण्याचा अधिकार नव्हता. पाच वर्षे हा काळ मफलर वडिलांकडून मुलीकडे जाण्यासाठीही अपुराच आहे.

तरीही ऑस्ट्रेलियात सर्व आलबेल आहे असे समजू नये. साउथ मेलबर्नचा संघ १९८२ साली सिडनीला हलवला गेला, आणि फिट्झरॉय हा लीगच्या संस्थापक आठांपैकी एक क्लब १९९६ अखेर ब्रिस्बेनच्या संघात विलीन झाला. १९८९ साली फूट्सक्रे क्लबही फिट्झरॉयमध्ये विलीन होणार असे जाहीर झाले होते. तेव्हा त्या कामगारवस्तीतील लोक न्यायालयात गेले, त्यांनी घरोघरी आणि रस्त्यांवर डबे फिरवून काही आठवड्यांत पैसे उभे केले, आणि विलीनीकरण रद्द झाले. तोच क्लब पुढे वेस्टर्न बुलडॉग्ज झाला आणि २०१६ साली, बासष्ट वर्षांनंतर, विजेता ठरला. बॅलरॅटला जातो तो हाच संघ. डबा फिरवणाऱ्यांना तो क्लब आपला म्हणता आला, कारण ते त्याचे सभासद होते.

आपल्या जिल्ह्यात स्थानिक लीग आजही खेळली जाते आणि तिच्यातील क्लब चिटणिसाच्या खिशातून व खेळाडूंच्या वर्गणीतून चालतात. आपल्या भागातील एखाद्या क्लबाची सभासद वर्गणी भरावी, त्याच्या वार्षिक सभेला जावे आणि मताचा अधिकार मिळतो का, हे प्रथम विचारावे. मिळत नसेल तर तो मागावा.