किटली राहू द्या, आधी दळण बघा

व्ही६० वर (कागदी फिल्टर बसवायचा शंकूच्या आकाराचा ड्रिपर) कॉफी करताय, बिया त्याच, पाणी तेच, तरी एक दिवस कप आंबट लागतो आणि दुसऱ्या दिवशी कडू. तेव्हा लांब चोचीची किटली घ्यावी का, असं तुम्ही विचारलंय. माझ्या मते आत्ता नको. त्या किटलीने धार हातात राहते हे खरं, पण तुम्ही पावडर चमच्याने घेता आणि पाणी नजरेने, हे तुम्हीच लिहिलंय. दुखणं तिथे आहे. चमच्यात दोन-तीन ग्रॅम कमीजास्त झाले तरी डोळ्यांना कळत नाही, आणि १५ ग्रॅमच्या कपात तेवढा फरक पुरून उरतो. कागदी फिल्टरची युक्ती काढणाऱ्या जर्मन गृहिणी मेलिटा बेंट्झ यांनी १९०८ मध्ये मुलाच्या वहीतला टीपकागद आणि भोकं पाडलेलं पितळी भांडं घेऊन फिल्टर कॉफी केली, तेव्हा चोचीच्या किटलीवाचून काही अडलं नव्हतं!

तर आधी वजनकाटा. १५ ग्रॅम पावडर, २५० ग्रॅम पाणी. भांडं आणि ड्रिपर काट्यावरच ठेवा आणि आकडा बघत ओता. पावडर स्वतःच्या दुपटीएवढं पाणी धरून ठेवते, त्यामुळे कपात २२० च्या आसपासच उतरेल. ते बरोबरच आहे. फिल्टर पेपर आधी गरम पाण्याने भिजवून ते पाणी फेकून द्या, म्हणजे कागदाची चव जाते आणि ड्रिपरही तापतो. भाजणी हलकी किंवा मध्यम असेल तर पाणी उकळी बसली की लगेच वापरा, गडद असेल तर ९० अंशांच्या खाली येऊ द्या.

पहिल्यांदा ४५ ग्रॅम पाणी घालून थांबा, ४० सेकंद तरी. भाजताना बियांत कोंडलेला कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो, पावडर फुगते, बुडबुडे येतात. तो वायू आत राहिला तर नंतरचं पाणी दाण्यापर्यंत नीट पोचत नाही. (अजिबात फुगली नाही तर बिया जुन्या झाल्यात, पाकिटावरची भाजल्याची तारीख बघा.) मग काट्यावर पाणी एकूण १५० ग्रॅम होईपर्यंत ओता, मग २५० पर्यंत. सगळं मिळून तीन मिनिटांच्या अलीकडे-पलीकडे गळून झालं पाहिजे.

आता चवीकडे वळू, कारण कुठली चव कशाने आली हे जिभेला ओळखता आलं नाही तर काटा घेऊनही उपयोग नाही. एक प्रयोग सांगतो. नेहमीसारखीच कॉफी करा, पण खाली तीन कप ठेवून गळणारी कॉफी ओळीने त्यांत धरा: पहिली धार पहिल्यात, मधली दुसऱ्यात, शेवटची तिसऱ्यात. थोड्या निवल्या की चाखा. पहिला कप दाट, झणझणीत आंबट, थोडा खारटसुद्धा. दुसरा गोडसर आणि सौम्य. तिसरा रंगाने चहासारखा, चवीला पाणचट, आणि मागे कडवट-तुरट रेंगाळणारा. आम्ल आणि क्षार पाण्यात आधी उतरतात, कडू आणि तुरट भाग मागाहून. चांगला कप म्हणजे या तिघांचा मेळ. पहिल्या दोघांतच अडकलात तर आंबट, तिसऱ्याचं फार झालं तर कडू.

हे एकदा जिभेला कळलं की दुरुस्ती सोपी. आंबट आणि तोंडात लगेच विरणारी असेल तर दळण एक पायरी बारीक करा. कडू, आणि प्यायल्यावर जीभ कोरडी पडत असेल तर एक पायरी जाड. त्या वेळी बाकी कशाला हात लावू नका: प्रमाण तेच, तापमान तेच, ओतणं तेच. एकाच वेळी दोन गोष्टी बदलल्या की कशाने फरक पडला ते कळत नाही, आणि मग कॉफी रोज वेगळी लागते. कॉफी नुसती पातळ लागत असेल तर मात्र तो दळणाचा प्रश्न नाही, पावडर एक-दोन ग्रॅम वाढवा. आणि हलक्या भाजणीच्या बियांना फळासारखा आंबूसपणा असतोच, तो दोष नव्हे. तो आवडत नसेल तर बियाच बदला, दळणाशी झटापट करू नका.

एकाच कपात आंबटही आणि कडूही लागत असेल तर संशय ग्राइंडरवर. पात्याचा ग्राइंडर बिया दळत नाही, फोडतो. त्यात पिठासारखा भुगा निघतो आणि जाड तुकडेही. भुग्यातून सगळं उतरून कडवटपणा येतो, तुकडे आतून कोरेच राहतात, आणि पायरी बदलायची तर त्याला पायऱ्याच नाहीत. शिवाय भुगा कागदाची छिद्रं बुजवतो, पाणी तुंबतं. कॉफी गळून झाल्यावर ड्रिपरमध्ये डोकावा: चोथ्यावर चिखलाचा गुळगुळीत थर दिसला तर भुगा जास्त आहे, एका बाजूला खड्डा दिसला तर पाण्याने तिथून वाट काढली आणि बाकीची पावडर नीट भिजलीच नाही. दुसरा दोष हाताचा आहे, गोल फिरवत सावकाश ओतल्याने तो बराच कमी होतो. पहिल्याला उपाय म्हणजे बर ग्राइंडर, म्हणजे दोन दातेरी चकत्यांमध्ये बिया सारख्या दळणारा. हाताने फिरवायचा चालेल, विजेच्या स्वस्त ग्राइंडरपेक्षा तो बहुधा सरस निघतो.

पाण्याबद्दल थोडक्यात. फार जड पाण्यातले बायकार्बोनेट आम्ल मारून टाकतात आणि कॉफी खडूसारखी लागते. अगदी क्षारविरहित पाण्यातही चव पोकळ येते. मधलं पाणी मिळालं तर उत्तम, पण हा विचार दळण जमल्यावर करा.

तुमचा ग्राइंडर पात्याचा असेल आणि नवा लगेच घ्यायचा नसेल, तर तोवर व्ही६० बाजूला ठेवून फ्रेंच प्रेस (जाळीच्या दट्ट्याचं कॉफीचं भांडं) वापरा. पावडर पाण्यात बुडूनच राहते, त्यामुळे तुंबण्याचा आणि वाट फुटण्याचा प्रश्न येत नाही. प्रमाण तेच ठेवा. चार मिनिटांनी वरची साय चमच्याने ढवळून मोडा, फेस काढून टाका, आणखी पाच मिनिटं तसंच राहू द्या म्हणजे भुगा तळाला बसतो. दट्ट्या खालपर्यंत दाबू नका, पृष्ठभागाला टेकवून हळूच ओता, आणि तळाचा घोट भांड्यातच सोडा.